गोठलेलं इन्सुलिन

रुक्सार आणि संयोगिता या फार्मसी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. रहिमतपुरात दोघींनी मिळून औषधांचं दुकान टाकलं होतं. मागच्या महिन्यात दुकानातला फ्रीज बिघडून नको इतका थंड झाला आणि आतलं इन्सुलिन गोठून त्याचा बर्फ झाला. असं इन्सुलिन वितळलं तरी त्याच्या गुणाचा भरवसा नसतो. म्हणून रुक्सारने त्या खोक्यांवर लाल फुल्या मारल्या आणि ती कंपनीकडे परत पाठवायचं काम संयोगितावर सोपवलं. "पाठवली," असं संयोगिता म्हणालीही होती.

आज दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक राहीबाई धापा टाकत आल्या आणि रुक्सारला म्हणाल्या, "पोरी, तू शिकवलंस तसंच टोचतीया मी. तरी साखर उतरंना बघ. डोळ्यापुढं अंधारी येतीया."

त्यांनी पिशवीतून खोकं काढलं. त्यावर लाल फुली होती.

रुक्सारने आधी त्यांना रिक्षाने दवाखान्यात पोचवलं. परतल्यावर तिने ते खोकं संयोगितापुढे धरलं.

"अगं, वितळल्यावर पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं," संयोगिता म्हणाली.

"मग माझ्याशी खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं, तर तू विकू दिलं असतंस?"

रुक्सारने खोकं टेबलावर ठेवलं. हिच्या हाती किल्ल्या देऊन ती रोज निर्धास्त घरी जात होती.

ज्यांना ते इन्सुलिन गेलं होतं, त्या सगळ्यांना तिने बोलावून घेतलं आणि चांगलं बदलून दिलं. "चूक आमची आहे," म्हणताना प्रत्येक वेळी तिची मान खाली जात होती. मग भिंतीवरचं स्वतःचं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र उतरवून ती संयोगिताकडे न बघताच बाहेर पडली.