घाटाखालचं पाणी

मनकर्णाबाईला कुणी अडाणी म्हटलेलं खपत नसे. दुसरीत असताना मास्तरांशी भांडून शाळा सुटली ती कायमची, एवढंच शिक्षण. पण वस्तीवर सरकारी नर्सबाई आली की ओट्यावर पहिली मनकर्णाबाई. दुष्काळाच्या त्या वर्षी, चैत्रात, पटकीची साथ सुरू झाली. सुईच्या नावानं बाकीच्या बाया परसात पळाल्या. मनकर्णाबाईनं दंड पुढं केला, टोचून घेतलं, वर तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

"गरज नसेल तर गाव सोडू नका," नर्सबाई म्हणाली.

"गरज हाय. लेक तिसगावला दिलीय. सहा वर्षांनी पयलं हाय, सातवा लागलाय. बाळंतपनाला आनायचीय."

"मग पाणी घरचं, उकळलेलं. खाणं घरचं. वाटेत कुठलंही पाणी तोंडात घालू नका. लेकीला आणतानाही तसंच."

"ह्ये काय मला सांगाया पायजे व्हय?"

आणि खरंच, सांगावं लागलं नाही. दुधात मळलेल्या दशम्या फडक्यात बांधल्या. पाणी चांगलं खळखळून उकळलं, निववलं आणि फिरकीच्या तांब्यात भरलं. फिरकी घट्ट पिळली. मुलगा भिमाजी खडी फोडायच्या कामावर. तो म्हणाला, रविवारी मी येतो संगं. "मी काय वाट चुकते व्हय?" म्हणून ती एकटीच निघाली. पारनेरहून नगर, नगरहून तिसगावची गाडी. नगरच्या स्टँडावर लोक उसाचा रस पीत होते, त्यांच्याकडं ती अशी बघत होती, जशी काय मास्तरीणच.

आता तिच्या पाण्याची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी आमच्याकडं रीत. रीत खरी, पण माणसं तिच्यातून वाट काढतात. चहा घेतात आणि म्हणतात, चहात कुठं पाणी असतं, दूध असतं. शेजारच्या घरी जाऊन जेवतात. मनकर्णाबाईनं मात्र ती रीत अशी धरली होती, जशी काय तिच्या एकटीसाठीच काढली. त्याला कारण होतं. साळूच्या लग्नात विहिणीनं, बनुबाईनं, मानाचं लुगडं उलगडून चार बायांत म्हटलं होतं, "पारनेरकडची मानसं हात आखडूनच सोडत्यात वाटतं." त्याला सहा वर्षं झाली. बनुबाई ते विसरूनही गेली असेल. मनकर्णाबाई विसरली नव्हती. तिसगावला गेली की ती तांब्या घरून न्यायची, बनुबाई पाणी घेऊन पुढं आली की फिरकी काढायची आणि सगळ्यांदेखत आपलं पाणी वरून घटाघट प्यायची.

"विहीनबाई, पानी घ्या की."

"रीत हाय ना बाई. रीत मोडून कसं चालंल?"

तोंडावर रीत, पोटात लुगडं.

तर गाडी करंजीचा घाट उतरली आणि खाली येऊन बसली. टायर गेला. दुसरं चाक होतं, त्यातही हवा नाही. मागची गाडी येईपर्यंत थांबा, कंडक्टर म्हणाला. ऊन असं, की दगडावर भाकरी भाजावी. एक पोरगेली बाई, कडेवर तान्हं, ते रडून रडून निळं झालेलं. मनकर्णाबाई जिभेची तिखट, पण हाताची आखडती नव्हे, कुणी काही म्हणो. तिनं फिरकी काढली आणि त्या लेकराला पाजलं, मग त्याच्या आईला. "बिनघोर पी. उकळल्यालं हाय. नर्सबाईनं सांगितल्यालं." तांब्या रिकामा झाला.

दोन तासांनी मागची गाडी दिसली. तिसगाव आता आठ मैल. नर्सबाईचं सगळं पाळलं होतं, आठ मैल तहान काढणं काय अवघड होतं? तहानेचं काही नव्हतं. पण रिकामा तांब्या घेऊन बनुबाईच्या उंबऱ्यात कसं जायचं? ती पाणी घेऊन पुढं येणार, आणि आपण काय करणार? रस्त्याच्या खाली एक विहीर होती. तळाला हातभर पाणी. खडी फोडणाऱ्यांची पालं तिथंच पडली होती, बाया तिथंच धुणं धूत होत्या.

कंडक्टर वरून ओरडला, "ओ मावशी, हितलं पानी घेऊ नका. पालावर कालच दोघं पटकीनं झोपल्यात."

"पायावर घ्यायला घेते," मनकर्णाबाई म्हणाली, आणि तांब्या भरून घेतला.

तिसगावला पोचली तेव्हा दिवस कलला होता. जावई कानिफनाथ रानातून यायचा होता. साळू दारात, पोट हातानं सावरून उभी. तिला बघून मनकर्णाबाईचा जीव असा भरून आला, की तीन वेळा तिच्या तोंडावरून हात फिरवला तरी समाधान होईना.

बनुबाई तांब्या-भांडं घेऊन आली. चेहऱ्यावर हसू. "विहीनबाई, औंदा तरी घ्या. सकाळधरनं चुलीवर उकळून ठिवलंय, रांजन येगळा केलाय. दवंडी झाली ना, पाव्हन्याला उकळल्यालं पाजा म्हनून."

"माझं पानी माझ्यासंगं हाय. त्ये पन उकळल्यालंच हाय."

बनुबाई हसली. "आता दोनच म्हयने तुमची रीत. मंग नातवंडाच्या निमतानं माझ्या हातचं प्यावंच लागंल. तवा कुठं पळताल?"

साळूही हसली. मनकर्णाबाईला ते हसणं सासूच्या बाजूचं वाटलं. तिनं फिरकी काढली, मान वर केली आणि घाटाखालचं पाणी घटाघट प्यायली. तहान लागली होतीच. अर्धा तांब्या संपला.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला तिला जुलाब सुरू झाले. दिवेलागणीपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची टोकं सुरकुतली, पिंढऱ्यांना गोळे यायला लागले. कानिफनाथ सायकल मारत गेला आणि साथीच्या पथकाचा डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरनं खाटेच्या खुंटीला बाटली टांगली, नस शोधली, आणि विचारलं, "आजी, दोन दिवसांत पाणी कुठलं प्यायलात? आठवून सांगा. बाकीच्यांचा जीव त्याच्यावर आहे."

मनकर्णाबाईला शुद्ध होती. तेच तर. बेशुद्ध असती, तर देवानं माफ केलं असतं. खाटेच्या पायथ्याशी बनुबाई उभी होती, तिच्या मागं दाराशी साळू. ह्यांच्यासमोर कसं सांगायचं, की उकळलेलं म्हणून मिरवलं ते डबक्यातलं होतं?

"माझं घरचं," ती म्हणाली. "उकळल्यालं."

"वाटेत काही?"

"न्हाई."

"मग ह्याच घरातलं काहीतरी," डॉक्टर म्हणाला. दशम्या तिच्याच होत्या, पण ताट धुतलं ते पाणी ह्या घरचं, गूळ ह्या घरचा. पथकाची माणसं स्वयंपाकघरात गेली. हंडे, घागरी पालथ्या केल्या, आडात पावडर टाकली. मातीचा रांजण धुऊन भागणार नाही म्हणून अंगणात नेऊन फोडला. दुष्काळात पाण्यानं भरलेला रांजण. मनकर्णाबाईनं तो आवाज खाटेवरून ऐकला. गल्लीतल्या बाया भिंतीवरून बघत होत्या. "बनुबाईच्या घरात साथ निघाली," कुणीतरी म्हणालं. बनुबाई खापऱ्या गोळा करत होती.

साळूला बनुबाईनं त्याच घटकेला शेजारच्या रंगुबाईच्या मागच्या खोलीत धाडलं. "माझ्या तोंडानं सांगंपर्यंत हिकडं पाय ठिवायचा न्हाई. आई बोलवू दे न्हाईतर देव बोलवू दे."

आणि खाटेशी ती एकटी राहिली. दोन रात्री आणि तीन दिवस. चादरी ती काढायची, जाळायची. घाण ती खड्ड्यात पुरायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, बाटली संपली की तोंडानं पाणी, मीठ घालून, घोटघोट, सारखं. पहिल्यांदा भांडं तोंडाशी आलं तेव्हा मनकर्णाबाईनं दात मिटले. सवयच पडली होती मेली.

बनुबाई वाकून म्हणाली, "माझ्या घरचं न्हाई, विहीनबाई. रंगुबाईच्या चुलीवरचं हाय. तुमची रीत मोडत न्हाई. प्या."

दर घोटाला ती हे सांगायची. रंगुबाईच्या घरचं हाय, प्या. मनकर्णाबाई प्यायची. तिसऱ्या दिवशी तिला लघवी झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टर म्हणाला, आजी वाचल्या.

त्याच दुपारी बनुबाई परसदारी पडलेली सापडली.

तिला सकाळपासूनच जुलाब होत होते. तिनं कुणाला कळू दिलं नाही. पाव्हण्या बाईसमोर असलं काय सांगायचं, आणि पोराला हाक मारली तर साळू धावत येईल, म्हणून ती गपचूप परसात जाऊन येत राहिली. कानिफनाथनं आईला उचलून पथकाच्या जीपमध्ये घातलं. जीप पाथर्डीच्या दवाखान्याकडं निघायच्या बेतात होती तेव्हा मनकर्णाबाई भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. बनुबाईचे डोळे उघडे होते. तिनं बघितलंही. आत्ता सांगावं, असं मनकर्णाबाईच्या ओठापर्यंत आलं. पण जीपभोवती गल्ली जमली होती. ती म्हणाली, "लौकर बऱ्या होऊन या."

बनुबाई वाटेतच गेली.

दहावा झाल्यावर भिमाजी आला आणि दोघींना घेऊन गेला. येताना साळूसाठी मनकर्णाबाईनं पाण्याची घागरच बरोबर घेतली, स्वतः उकळलेली. वाटेत कुणाला थेंब दिला नाही. वस्तीवर आल्यावर भावकी भेटायला आली. "इहिणीच्या घरी गेली आन् मरनाच्या दारातून आली माय," जावा म्हणाल्या. "कसलं घानेरडं घर म्हनायचं. बरं झालं, त्या बाईला तिचं तिथंच भोवलं." साळू ताडकन उठून आत गेली. मनकर्णाबाई शेंगा फोडत बसली होती. तिच्यासारखी बाई, जी एका शब्दाला चार शब्द परत करायची, ती शेंगा फोडत राहिली.

आषाढात साळूला मुलगी झाली. बाळ, बाळंतीण सुखरूप. आश्विनात पाठवणी करायची होती. मनकर्णाबाई म्हणाली, मीच पोचवते.

ह्या खेपेला तिनं फिरकीचा तांब्या घेतला नाही. आता रीत संपली होती.

तिसगावला उतरल्या तर रंगुबाई दारातच उभी. बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग मनकर्णाबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचा तांब्या दिसत न्हाई? तेवढा बनीनं राखंनं घासून पुसून ठिवला हुता, तुमी जाताना न्यावा म्हनून."

"मिळाला की. घरी हाय."

रंगुबाई जवळ सरकली. "माझ्याच अंगनात घासला तिनं. तळाला ह्यो येवढा गाळ निघाला, शेवाळ. मी म्हनलं, बने, ह्ये उकळल्यालं पानी हाय व्हय? डाक्टरला दाखव. तर मलाच गप केलं. म्हनली, विहीनबाईचा मान हाय, रंगू. रांजन काय, पुन्यांदा आनता यील. कुनाजवळ बोलू नगंस." रंगुबाईनं पदरानं डोळे पुसले. "न्हाईच बोलले मी. तुमाला सांगते, कारन तुमाला ठावंच हाय."

मग तिनं तेही सांगितलं, की ते पाणी खरंच तिच्या चुलीवरचं होतं. सरपण मात्र बनुबाई आपल्या घरून डोक्यावर आणायची. रंगुबाई म्हणाली होती, अगं, तिला काय कळतंय दुखण्यात, तुझ्याच घरचं पाज की. बनुबाईनं ऐकलं नव्हतं. तिची रीत तिला मोडायची असंल तर ती मोडंल, मी कोन?

मनकर्णाबाई घरात आली. कानिफनाथ खाटेवर बसून लेकीला मांडीवर घेत होता. सहा महिन्यांत त्याचं तोंड असं हसरं कुणी बघितलं नव्हतं. आणखी एक दिवस गप बसली असती, तर काही बिघडणार नव्हतं. जन्मभर गप बसली असती, तरी रंगुबाईशिवाय कुणाला कळणार नव्हतं.

ती खालीच बसली, भुईवर.

"जावईबापू," ती म्हणाली, "पटकी ह्या घरातली नव्हती. माझ्यासंगं आली. तांब्यातलं पानी घाटाखालच्या हिरीचं हुतं. कंडक्टरनं नगं म्हनून सांगितलं हुतं. तुमच्या आईचं घ्यायचं न्हाई म्हनून म्या ते भरलं. आन् डाक्टरपाशी खोटं बोलले."

कानिफनाथ उठला, लेकीला छातीशी घेतलं आणि बाहेर गेला. अंगणात नवा रांजण पुरला होता, त्याच्यापाशी पाठमोरा उभा राहिला.

साळू चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या हातात आईसाठी भरलेलं तांब्या-भांडं होतं. बनुबाईच्या सवयीनं कानिफनाथनं सकाळीच उकळून निववलेलं. तिनं तो तांब्या आईपुढं ठेवला, भांडं त्यावर पालथं घातलं, आणि आत गेली.

मनकर्णाबाई त्या तांब्याकडं बघत बसली. सहा वर्षं ह्या घरात दर खेपेला कुणीतरी समोर येऊन म्हणायचं, विहीनबाई, पानी घ्या की. आज घशाला कोरड पडली होती, रीतही आडवी नव्हती, आणि घ्या म्हणणारं कुणी नव्हतं. ती बराच वेळ तशीच थांबली, कुणी म्हणेल म्हणून.