दोनशे मिलिसेकंद

दुपारी समुद्र पांढरा दिसतो आणि त्याच्यापुढे माझ्या कॉम्प्युटरचा काळा पडदा. आठ महिन्यांची दिव्या पाळण्यात झोपली होती.

कंपनीचे तीन सर्व्हर मी सांभाळते. त्यांना आपल्या कोकणातल्या नद्यांची नावं मीच दिली: गड, कर्ली, तिलारी. तिघींमध्ये एक टोकन सतत फिरतं. जिच्याकडे येईल तिने ‘मी आहे’ म्हणायचं आणि पुढे द्यायचं. ठरल्या वेळात ते फिरून आलं नाही, की गप्प राहिलेलीला मेली समजून बाहेर काढतात. गड आणि कर्ली पुण्यात. तिलारीला महिन्यापूर्वी बंगळूरला हलवलं, आणि तेव्हापासून ती दिवसातून चारदा बाहेर पडायची.

माझे साहेब सुशांत सर सकाळी फोनवर म्हणाले होते, “संध्याकाळपर्यंत तिलारीचं जमलं तर तिथूनच काम कर. नाहीतर सोमवारी पुण्यात ये.” पुण्यात म्हणजे हॉस्टेलची खोली, आणि दिव्या इथे.

मी आज्ञा टाइप करून तिलारीला परत आत घेतलं. पडद्यावर तीन नावं उमटली. वाटलं, तिघी एकाच खाडीत येऊन निवांत पसरल्यात. मग दोनच उरली.

मी उठले, दिव्याच्या नाकाखाली बोट धरलं.

“गो, कितीदा बोट धरशीत?” पडवीत बांगडे साफ करणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. “चेडू उठतला मगे.”

“आवाज नाही आला आई तिचा.”

“निजलेला माणूस काय भजन करता?”

समोर किनाऱ्यावर रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढत होते. जाळ्याच्या एका टोकाची माणसं ‘हो’ म्हणून हाक देत, दुसऱ्या टोकाची उत्तर देत. एकदा उत्तर आलंच नाही. मी पडवीच्या कडेला आले.

“आई, ती माणसं…”

“वारो उलटो आसा. हाक पोचाक येळ नको? म्हणान हे दोर सोडून घराक जातले काय?”

तेवढ्यात पलीकडून ‘हो’ आलं, पातळ, वाऱ्यात विरलेलं.

मी सेटिंगची फाइल उघडली. टोकनची वाट बघायची मुदत: दोनशे मिलिसेकंद. माझाच आकडा. बाळंतपणाच्या रजेवर येण्याआधी मीच तो हजारावरून खाली आणला होता, कुणाचं काही बिनसलं तर लगेच कळावं म्हणून. पुण्यातल्या पुण्यात तो चालला. बंगळूरची हाक मात्र कधी कधी वाटेत रेंगाळायची.

तिन्हीकडे तीन हजार लिहिलं आणि एकेकीला थांबवून सुरू केलं. तीन नावं आली. तास गेला, भरती चढली, तीनच.

मी सरांना फोन केला. “सापडलं. चूक माझीच होती, मुदत मीच कमी केली होती.”

पलीकडे शांतता. मी ‘हॅलो’ म्हटलं नाही. थांबले.

“बरं,” शेवटी ते म्हणाले. “काय बदललंस ते लिहून पाठव. सोमवारी नऊला कामाला लाग.”

“कुठून, सर?”

“घरून. आणखी कुठून?”