पूरक वाचन, पान चार

सिस्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. विद्यार्थी एकतीस, आणि पूरक वाचनाची फाइल उघडलेली माणसं शून्य.

रुग्णालयात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या या बाईंना घरचे सोडले तर सगळं जग सिस्टरच म्हणे. आता त्या घरबसल्या ऑनलाइन शिकवत, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा कशी करावी ते. शुक्रवारी प्रमाणपत्रं मिळाली की सोमवारी ही एकतीस माणसं एकतीस घरांत कामाला लागणार होती. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते. पण लकवा झालेल्या माणसाला पाणी कसं पाजायचं, हे फक्त त्या चार पानांत होतं. ते कॅमेऱ्यासमोर सांगायला सिस्टरांची जीभ रेटत नसे.

"आई, मी कुलूपच घालते," सून म्हणाली. कोर्सची तांत्रिक बाजू तीच सांभाळायची. "फाइल उघडल्याशिवाय परीक्षा उघडणारच नाही."

दुसऱ्या दिवशी एकतीसच्या एकतीस जणांनी फाइल उघडली. सरासरी वेळ, अकरा सेकंद.

"चार पानं, अकरा सेकंदांत? मला चष्मा सापडायलासुद्धा जास्त वेळ लागतो गं!"

मग सिस्टरांनी त्या पानांवर पाच प्रश्न घातले. पाणी पाजताना हनुवटी कुठे हवी, या प्रश्नाला तीस जणांनी उत्तर दिलं, 'वर'.

"एकानं चूक केली आणि बाकीच्यांनी इमानेइतबारे उतरवली," सून हसली.

सिस्टरांना हसू आलं नाही. मान मागे टाकून हनुवटी वर केली, की अशा माणसाचा घोट श्वासनलिकेत उतरतो. सोमवारी तीस घरांत तीस हनुवट्या वर होणार होत्या.

गुरुवारी शेवटचा तास होता. निम्म्या लोकांनी कॅमेरे बंद ठेवले होते. सिस्टरांनी सगळ्यांना फैलावर घेतलं, पण त्या काळ्या चौकोनांवर ढिम्म परिणाम नाही. एवढ्यात बरोबर उत्तर लिहिणारी एकटी बाई बोलली. आधी ती शिवणकाम करायची, आणि मापांच्या वहीतली ओळ न् ओळ बोट ठेवून वाचायची सवय तिला तिथलीच.

"सिस्टर, एक विचारू? पान चारवर ती नर्स घाईघाईत आडव्या पेशंटलाच पाणी पाजते. त्याला ठसका लागतो, आणि दोन दिवसांनी तो जातो. त्याची मुलगी उलट तिचेच आभार मानते. तुम्ही तिथंच संपवलंत. त्या नर्सचं पुढं काय झालं?"

"कुठली नर्स?" कुणीतरी विचारलं.

'एक परिचारिका' असं लिहून सिस्टरांनी स्वतःला त्या पानांत लपवलं होतं. कुणी वाचत नाही म्हणून त्या चिडत होत्या हे खरं, पण कुणी वाचलं नाही म्हणून त्यांना थोडं हायसंही वाटत होतं, हेही तितकंच खरं. त्या क्षणी त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"ती तुम्हाला शिकवतेय," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. अजून पाच पेशंटना पाणी द्यायचं होतं, म्हणून तिनं त्या माणसाला उठवून बसवलं नाही. त्या मुलीला तिनं खरं काय ते कधीच सांगितलं नाही."

एकेक करत काळे चौकोन उजळले आणि त्यांत चेहरे दिसू लागले.

"वाचा," सिस्टर एवढंच म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं सून हलकेच जवळ आली. "आई, सगळ्यांनी फाइल उघडलीय."

"किती सेकंद?"

"वीस मिनिटं झाली," सून म्हणाली. "अजून कुणी बंद केलेली नाही."