ग्रंथालयाचे पूर्ण गुण

परीक्षण समितीचे सदस्य म्हणून विद्यापीठाच्या दारात गाडीतून उतरताना सरांना पुन्हा ते पत्र आठवलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं. ती दृष्टिहीन, याच विद्यापीठात संशोधन करणारी. तिने वडिलांकडून लिहून घेतलं होतं, की जुने प्रबंध संगणकावर चढवलेत खरे, पण मला संगणकाकडून ते वाचून घेता येत नाहीत. तुमच्या समितीने 'काम पूर्ण' लिहिलं की पुढे कोणी हात लावणार नाही आणि माझं संशोधन अडकेल. सर, तुम्ही बोलाल ना?

उत्तर गेलं नव्हतं. चारचौघांत बोलायचं सर नेहमीच टाळत. "तिथेही मिठाची गुळणी धरून बसाल," असं बायको सकाळीच म्हणाली होती.

डिजिटल परिवर्तनाचं हे परीक्षण म्हणजे अजब प्रकार होता. प्रत्येक विभागाने स्वतःच स्वतःला गुण दिले होते, समितीने खाली सह्या ठोकायच्या. कागदविरहित कारभाराला पूर्ण गुण होते. त्याचा पुरावा म्हणून ऑनलाइन आलेला प्रत्येक अर्ज छापून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन केला होता आणि ते गठ्ठे टेबलावर रचले होते. सरांना शिसारी आली. शेजारी बसलेले सदस्य, एक निवृत्त अभियंते, कानाशी लागले, की जेवण गरम हवं असेल तर फार वाचत बसू नका.

ग्रंथालयाचं पान आलं. तिथेही पूर्ण गुण. एखादा प्रबंध संगणकाकडून मोठ्याने वाचून घेऊ या, असं सर म्हणाले, पण इतक्या बारीक आवाजात की दुसऱ्यांदा सांगावं लागलं. संगणक विभागप्रमुखाने नाइलाजाने बटण दाबलं.

"चित्र," यंत्र म्हणालं. पुढचं पान काढलं. "चित्र."

पानांचे नुसते फोटो काढून ठेवले होते; त्यातली अक्षरं यंत्राला वाचता येत नव्हती. एका पानावर मजकुराऐवजी कुणाचा तरी अंगठा होता, मळक्या नखासकट. तो पडद्यावर हातभर मोठा दिसत होता आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

"दिसतंय की सगळं," कुलसचिव हसले. "आता त्या एका मुलीसाठी आम्ही सगळं पुन्हा उपसायचं का?"

सरांनी मान वर केली. "कोणती मुलगी? मी तर कुणाचं नावही काढलं नाही."

कुलसचिव चष्मा पुसू लागले. विभागप्रमुख पडद्याकडे बघत राहिला. म्हणजे तिची तक्रार पोचली होती, सगळ्यांना ठाऊक होती, आणि तरीही पूर्ण गुण.

एकाही सदस्याने 'अपूर्ण' लिहिलं तर काम पुन्हा हाती घ्यावं लागे, असा नियम होता. सरांनी गुण खोडले, 'अपूर्ण' लिहिलं, सही केली. अभियंते पुटपुटले, "झालं, आता जेवण थंड." सर जेवायला थांबलेच नाहीत.

टपाल कचेरीत उभ्याउभ्याच त्यांनी लिहिलं: 'बोललो. काम अपूर्ण ठरलं आहे. त्यांना करावं लागेल, आणि झालं की नाही ते बघायला मी येत राहीन. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण माझा भित्रेपणा.'

शेवटचं वाक्य खोडावं का, यावर ते थोडा वेळ घुटमळले. मग पत्र तसंच पाकिटात घालून त्यांनी पेटीत टाकलं.