अर्जात नसलेली दोन वर्षं

तेवीस वर्षं कुवेतमध्ये अकाउंटंट म्हणून काढल्यावर नंदकुमारांना एकच शहाणपण आलं होतं: ज्या कागदावर शिक्का नाही, तो कागद रद्दी. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, असो की मुलीची मार्कशीट, शिक्के मारून घेतल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यामुळे जुईलीने अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलांत पुढच्या डॉक्टरी प्रशिक्षणासाठी, अर्ज भरला तेव्हा त्यात काय जायचं ते त्यांनीच ठरवलं.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. नाशिकहून एमबीबीएस होऊन आल्यापासून दोन वर्षं जुईली कुवेतच्या सालमिया भागात डॉक्टर सफियांच्या दवाखान्यात रोज सकाळी बसत होती. कुवेतचा परवाना नाही, म्हणून तपासायचं नाही. पेशंटचं हिंदी-मराठी डॉक्टरांना अरबीत सांगायचं आणि त्यांचं अरबी पेशंटला. पगार नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून बाबांनी ती दोन वर्षं गाळून टाकली.

"नुसतं बोलणं ते," ते म्हणाले. "त्याला काम कोण म्हणतं?"

जानेवारी उजाडला. ऐंशी ठिकाणी अर्ज गेले होते आणि मुलाखतीचं एकही बोलावणं नव्हतं. पुढच्या वर्षी जुईलीला पास होऊन तीन वर्षं होणार, आणि मग बरीचशी हॉस्पिटलं अर्ज उघडूनही बघत नाहीत.

"लिहून विचार त्यांना," तिची आई मंदा म्हणाली. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

जुईलीने एकच हॉस्पिटल निवडलं, तिला सगळ्यात जास्त हवं असलेलं. तिथे देशोदेशींहून आलेले कामगार उपचार घ्यायला येत. बाबांनी लगेच मसुदा करून दिला: आधी दोन वेळा क्षमायाचना, मग तीन ओळी कृपाभिलाषा आणि सोबत सतरा शिक्केबंद दाखले. तो वाचून तिला आपलीच कीव आली. कीव आली आणि मग चांगलाच रागही आला. तिने मसुदा बाजूला सारला आणि फखरुन्निसाबद्दल लिहायला घेतलं.

फखरुन्निसा सलव्यात एका घरी स्वयंपाक करायची. गोळ्या चालू असूनही तिची साखर उतरेना, म्हणून डॉक्टर सफिया औषध वाढवणार होत्या. जुईलीने मध्येच स्वतःचा एक प्रश्न विचारला, "दिवसातून किती वेळा जेवता?"

"एकच बार, बेटा."

गोळी जेवणानंतर घ्यायची, असं सांगितलेलं. बाई एकदाच जेवत होती, म्हणून तीनातली एकच गोळी घेत होती. 'असं रोज कुणीतरी भेटतं,' जुईलीने लिहिलं. 'मला हेच काम तुमच्याकडे शिकायचं आहे. एकदा मुलाखतीला बोलवा.' दाखला एकही जोडला नाही.

"हात दाखवून अवलक्षण," बाबा म्हणाले. पण पत्र गेलं होतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. येत्या मंगळवारी व्हिडिओवर मुलाखत! खाली विभागप्रमुखांनी स्वतः लिहिलं होतं, 'ही दोन वर्षं तुमच्या अर्जात का नाहीत? आम्हाला तीच ऐकायची आहेत.'

मंदाने देवापुढे साखर ठेवली. जुईलीला एकाच वेळी हसूही येत होतं आणि रडूही. नंदकुमारांनी मेल दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"मी लोकांना सांगत आलो, पोरगी घरी बसलीय," ते म्हणाले.

हे जुईलीला ठाऊक होतं. एगैल्याला राहणाऱ्या बाबांच्या मित्राकडे, जयप्रकाशकाकांकडे, सगळे गणपतीला गेले होते तेव्हा तिने ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, आणि तिला ते फार लागलं होतं.

"मी ऐकलंय ते, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी फोन उचलला आणि तिच्यासमोरच नंबर लावला.

"जयप्रकाश, मागे मी तुला चुकीचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "आमची जुईली दोन वर्षं दवाखान्यात काम करते."