पोनिमनची बरणी

पोनिमन माझा विद्यार्थी होता, हे मी कधी नाकारलं नाही. नाकारून चालणारही नव्हतं, कारण त्याच्या दुकानाबाहेर टांगलेल्या भल्यामोठ्या फलकावर त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं: ‘गुरू - बू वुलान, रसायनशास्त्र, सरकारी हायस्कूल, सुंबरवारू’. बू म्हणजे बाई, आणि ती बाई मी. मला न विचारता.

सुंबरवारूत मोटरसायकली दुरुस्त करणारे सात-आठ जण होते, पण हात पोनिमनचा. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचा. त्या वर्षी पेट्रोल दुसऱ्यांदा महागलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि पोनिमनने एक काचेची बरणी घेतली. तिच्यात स्टीलच्या पट्ट्या बसवल्या, पाणी आणि चिमूटभर सोडा घातला, बॅटरीच्या दोन तारा जोडल्या आणि झाकणातून एक नळी काढून इंजिन हवा ओढतं तिथं खुपसली. बरणीत बुडबुडे आले. त्याला त्याने नाव दिलं ‘बान्यू गनी’, म्हणजे पाण्यातली आग.

बुडबुडे येणारच. शाळेत मीच ते दाखवले होते.

चौकातल्या वडाखाली मांडव पडला. बुपाती, म्हणजे जिल्ह्याचे प्रमुख, स्वतः आले, शाळेचा बँड आला, मला पहिल्या रांगेत बसवलं. पोनिमनने सोडा घालण्याआधी ते पाणी पेलाभर गटागट पिऊन दाखवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. पाणी प्यायल्याने काय सिद्ध झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग त्याने गाडी सुरू केली. चालली. टाकीत पेट्रोल होतं, का नाही चालणार?

निवेदकाने माझ्यापुढे माईक धरला. “बू, शिष्याबद्दल दोन शब्द!”

मी म्हटलं, “पाणी फोडायला वीज लागते. वीज देते बॅटरी. बॅटरी भरतं इंजिन. आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. म्हणजे पाण्यातून जेवढं निघेल त्याहून जास्त आधीच ओतलेलं असतं. स्वतःच्याच खांद्यावर बसून कुणी बाजाराला जातं का?”

लोक हसले. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात बुपातींनी माईक घेतला.

“बू गुरूंकडे पुस्तक आहे,” ते म्हणाले, “पण पोनिमनकडे काळीज आहे!”

मग जो कडकडाट झाला त्यात बँडनेही आपली हौस भागवून घेतली.

घरी पोचले तर अंगणात आमच्या जुन्या किजांग मोटारीचं बॉनेट उघडं, आणि त्यात डोकं घालून माझे यजमान. हारजितो मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी वीतवीत मोजलेला माणूस.

“मास, हे काय?” यजमानांना मी मासच म्हणते.

“बरणी.”

“ते दिसतंय. चौकात मी काय बोलले ते ऐकलंत ना?”

“ऐकलं की. छान बोललीस. पण पहिल्या पन्नास जणांना पोनिमन स्वतः फुकट बसवून देतोय, मग संधी कशाला सोडायची?”

त्या दिवसापासून हारजितो गाडी अशी चालवायला लागले, जशी काही मागच्या सीटवर अंडी मांडून ठेवलीत. एसी बंद. ओव्हरटेक बंद. उतार दिसला की पाय वर. आणि घरी येऊन जाहीर करायचे, “आधी लिटरला नऊ किलोमीटर द्यायची. आज तेरा!” दर शुक्रवारी मशिदीतून आले की बरणीत ताजं पाणी. शेजारचा पाक दार्मो कुंपणावरून विचारायचा, “आज किती?” आणि हे सांगायचे, जणू नातवाचे मार्क.

शेवटी मी एक केलं. ते झोपले असताना दुपारी बॉनेट उघडून बरणीची एक तार काढली आणि टोक नळीमागे दडवून ठेवलं. महिनाभर गप्प बसले. महिनाभर गाडी तेरा देत राहिली.

मग एका सकाळी पेचेलचं, शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांचं, ताट वाढताना सांगितलं, “मास, त्या बरणीची तार मी महिन्यापूर्वीच काढून टाकलीय.”

चमचा वाटेतच थांबला. ते उठले, बाहेर गेले, बॉनेट उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, आणि ते परत आले.

“तरी तेरा देत होती?”

“तेच तर सांगतेय! तुम्ही हळू चालवता म्हणून...”

“तार नसताना तेरा,” ते म्हणाले. चेहरा उजळला होता. “म्हणजे तार असती तर सतरा दिले असते! अगं, महिनाभराचं नुकसान केलंस माझं!”

मी हातातला पळा ताटात ठेवला आणि परसात जाऊन उभी राहिले. तीस वर्षं मी मुलांना प्रयोग शिकवले. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, फरक बघा. माझ्या घरात माझ्याच माणसाने फरक बघितला आणि तो उचलून उलट्या खिशात घातला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाक दार्मोशी बोलले. त्याला सांगितलं, “बायको शिकलेली असली की अशी खोड काढते.”

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत पोनिमन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. आत आला, वाकला, माझा हात कपाळाला लावला. त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

“हे काय रे?”

“कॉस्टिक सोडा वापरून बघितला, बू.” तो टेबलापाशी टेकला. “बुपाती राजधानीतून मोठे साहेब आणतायत. टाकीला सील लावून गाडी नुसत्या पाण्यावर चालवायचीय. महिनाभर करतोय. पेट्रोल काढलं की खोकतसुद्धा नाही. माझं कुठं चुकतंय तेवढं सांगा.”

“नुसत्या पाण्यावर चालते असं म्हणालास कशाला?”

“मी कुठं म्हणालो? मी म्हणालो, थोडी मदत होते. पेपरात आलं, नुसतं पाणी. मग लोक म्हणायला लागले. मग...”

“मग तूही म्हणायला लागलास.”

तो बोटांवरची सालं सोलत राहिला.

दोन महिने मी त्याच्यासाठी बोलणी साठवून ठेवली होती. एकेक शब्द घासून पुसून तयार होता. पण ती बोटं बघितली आणि त्यातलं काही तोंडातून निघेना.

“चुकत नाहीये, पोनिमन. ते होणारच नाहीये. पाणी ही जळून झालेली वस्तू आहे. हायड्रोजन जळला की जे उरतं ते पाणी. तू राख पुन्हा पेटवायला बसलायस. पेटेल, पण तिचं आधी लाकूड करायला जेवढं घालशील त्याच्याहून जास्त कधी मिळायचं नाही.”

त्याने टेबलावरचा नळ सोडला आणि बोटं पाण्याखाली धरली.

“राख,” तो म्हणाला. “हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं. तू खिडकीतून रस्त्यावरच्या मोटरसायकली बघत होतास.”

तो हसला. मग म्हणाला, “बुपातींकडे माझ्याबरोबर याल? एकट्याने जीभ रेटत नाही.”

गेले. बुपातींनी चहा मागवला, तळलेली केळी मागवली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोनिमनने चाचरत का होईना, स्वच्छ सांगितलं की जमत नाही आणि जमणारही नाही. मी राखेचं सांगितलं. बुपाती उठले, दार लावलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, “तेल कंपनीवाले आले होते का?”

“कोण?”

“घाबरू नका. धमकी दिली की पैसे देऊ केले?”

“साहेब, कुणी आलेलं नाही!” मी म्हटलं. “पाण्यात जाळण्यासारखं काही उरलेलंच नसतं, एवढंच आहे!”

“समजलं,” ते म्हणाले, आणि पोनिमनच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही दोघं बोलू शकत नाही. मी आहे पाठीशी.”

जिना उतरताना मला रडू येत होतं की हसू, ते मलाच कळत नव्हतं. खाली आल्यावर पोनिमन म्हणाला, “बू, सांगून होणार नाही. दाखवावं लागेल.”

रविवारी सकाळी नऊला त्याने चौकात मोटरसायकल आणली. सगळ्यांदेखत तिची पेट्रोलची टाकी खोलून काढली आणि पारावर ठेवली. बरणी पाण्याने भरली, तारा जोडल्या, लोकांना हात लावून बघायला सांगितलं. मग किक मारली. मारत राहिला. अर्धा तास. सदरा पाठीला चिकटला. बुडबुडे येत होते, इंजिन हूं की चूं करत नव्हतं. शेवटी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, “बघितलंत? नाही चालत. कधीच चालत नव्हती. ज्यांनी बरण्या बसवल्या त्यांनी आणून द्या, मी काढून देतो.”

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “पाणी विहिरीचं होतं का? विहिरीचं नाही चालायचं. झऱ्याचं लागतं.”

“आणि आज आभाळ आहे,” दुसरा म्हणाला.

“सूत्र विकलं असणार परदेशात,” एक बाई म्हणाली. “बिचाऱ्याला नाटक करावं लागतंय.”

पहिल्या रांगेत हारजितो उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझी नजर चुकवून म्हणाले, “मोटरसायकलवर नसेल जमत. मोटारीची गोष्ट वेगळी.”

मला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडणार, सगळा चौक होता. लोक पांगले. मी पारावरची टाकी उचलली, काखेत धरली, पोनिमनने हँडल धरलं, आणि आम्ही ती मोटरसायकल ढकलत त्याच्या दुकानाकडे निघालो. आभाळ निवळून ऊन चढलं होतं. टाकीतलं पेट्रोल माझ्या कपड्यांना लागत होतं.

“आता काय करशील?” मी विचारलं.

“चार-सहा महिने कुणी फिरकणार नाही,” तो म्हणाला. “मग कुणाचा तरी क्लच जाईल.”

चढ आला. तो जोर लावत म्हणाला, “बू, तुम्ही बाजूला व्हा, मी नेतो.”

“ढकल तू,” मी म्हटलं, आणि मागून दुसरा हात लावला.