खैरुनबीचे टोप

साल सत्त्याऐंशी. त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला होता. आम्ही कल्याणला खाडीकाठी राहायचो. मी आणि माझी धाकटी जाऊ भागीरथी, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. शिमग्याच्या सुमारास तिचा नवरा परशुराम होडी ओढताना घसरला आणि पाय होडीखाली चिरडला. मासळी बंद झाली. माझ्या चुलीवरचं जमेल तेवढं जायचं, पण आमच्याकडेही खाणारी तोंडं बरीच होती.

मागच्या गल्लीत खैरुनबी राहायची. कोकणी मुसलमान, विधवा, सोबत मुलगा निजाम. भागीच्या पाटीतून ती वर्षानुवर्षं चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकत घ्यायची आणि दर वेळी भांडायची. "तुझ्या चिंबोऱ्यांना सोन्याच्या नांग्या हायत काय गो?"

रमजान लागला तसा रोज दिवेलागणीआधी भागीच्या उंबऱ्यावर झाकलेला टोप यायला लागला. कडी वाजायची आणि दार उघडेपर्यंत गल्ली रिकामी. कधी मटणाचं कालवण, कधी डाळभात, वर खजूर.

एकदा टोप ठेवून जाणाऱ्या खैरुनबीला मी वाटेत गाठलं. "खैरुनबी, हाक तरी मारा. चोरासारख्या पळता कशाला?"

ती हसली. "आमच्यात लपवून द्यायचं असतं, आवडाबाई. घेणाऱ्याला मान खाली घालायला लागू नये. अल्लानं मला दिलंय, त्याचे आभार मी आणखी कसे मानू? सोडा आता, रोजा सोडायची वेळ झाली."

भागीनं पोरांना वाढलं, टोप राखेनं घासून लखलखीत केला आणि फळीवर ठेवला. परत दिला नाही. आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात.

"मग साखर घाल," मी म्हटलं.

"एवढ्या जेवणावर साखर? नारळी पुनव होऊंदे. होडी गेली की सगळे टोप चिंबोऱ्यांनी भरून नेते."

"तोवर ती बाई रांधेल कशात?"

"तुला नाय कळायचं, बाय."

ईदपर्यंत फळी भरली. शेवटी शेवटी जेवण कडीच्या डब्यातून यायला लागलं. घरातले टोप संपले असणार. तरी खैरुनबीनं कधी मागितले नाहीत.

नारळी पुनव आली, परशुरामचा पाय तसाच. दुसऱ्या वर्षीही तसाच. शरमेपोटी भागी ती गल्ली टाळायला लागली. बाजारात खैरुनबी दिसली की ही दुसऱ्या वाटेनं जायची. मी एकदा टोप उचलायला गेले, तर म्हणाली, "हात लावशील तर जन्मात बोलणार नाय."

नव्वद साली परशुराम लंगडत का होईना उभा राहिला आणि होडी पाण्यात उतरली. पहिल्याच खेपेच्या चिंबोऱ्या भागीनं नांग्या बांधून टोपांत भरल्या. आम्ही दोघी डोक्यावर पाट्या घेऊन निघालो. खैरुनबी आजारी पडून मुंब्र्याजवळ कौशाला लेकीकडे गेली होती, ती आता आली असेल अशा समजुतीनं.

दार निजामनं उघडलं. "अम्मा गेल्या आठवड्यात गेली, काकी. कौशालाच दफन केलं."

भागी पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी.

"तुमचं नाव काढायची ती," निजाम म्हणाला. "म्हणायची, माझ्या जेवणाचं भागीच्या मनाला लागलं वाटतं. मला बघून तोंड फिरवते. माझ्याकडून माफी माग म्हणाली होती. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो."

"आणि टोप?" भागीनं विचारलं.

"कसले टोप? अम्मा टोपांचं कधी बोलली नाही."

चिंबोऱ्या त्यानं गल्लीत वाटल्या. टोप धुऊन आत ठेवले.

पुढं निजाम घर विकून मुंब्र्याला गेला. नंतर भेट नाही. परशुरामनं लंगडत काही वर्षं होडी चालवली, मग आजारपणात गेला. मी लेकाकडे कोपरीला आले. भागी खडवलीला मुलीकडे असते. त्या दिवसानंतर तिनं कुणाचं भांडं एक रात्रही घरात ठेवलं नाही. रिकामं तर रिकामं, पण स्वतः घेऊन जाते आणि दारात उभी राहून मोठ्यानं सांगते, "पोरं पोटभर जेवली गो बाय." समोरची अवघडून "असूंदे, असूंदे" म्हणते. तरी भागी पुन्हा सांगते.